आढीचा वास

मे महिन्यात आंब्याच्या आढीवरचं गोणपाट उचललं की आमच्याकडे पहिलं मिनिटभर कुणी बोलत नाही. आधी वास घ्यायचा. वाळक्या पेंढ्याचा, आतल्या उबेचा आणि त्याखालून सावकाश वर येणारा हापूसचा. आंब्याला हातही न लावता, नुसत्या त्या वासावरून काकी सांगते, पेट्या उद्या भरायच्या की परवा. वेंगुर्ल्यात आमचा छोटा कारखाना आहे. आमसुलं, आगळ, आंबापोळी, फणसपोळी आणि मोसमात आंबा. वीस वर्षांत मी जे काही शिकले ते बहुतेक नाकाने शिकले. व्हिस्कीही तशीच शिकले, आणि आज तिच्याबद्दलच लिहायचं आहे.

निमित्त भाच्याच्या फोनचं. "आत्या, आमचे साहेब रिटायर होतायत. सगळ्यांनी मिळून एक चांगली व्हिस्की द्यायचं ठरलंय. चांगली कुठली?" मी विचारलं, "त्यांना आवडतं काय? धुराचा वास चालतो? गोड खातात?" पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाला, "तू नुसतं नाव सांग ना."

नाव सांगता आलं असतं. पण बारा वर्षांपूर्वी हाच प्रश्न मी एका दुकानात विचारला होता.

दादाची पन्नाशी होती. दादा जहाजावर इंजिनीअर. आयुष्याची तीस वर्षं समुद्रावर गेलेली, त्यामुळे त्याच्या वाढदिवसाला तो घरी असणं हीच मोठी गोष्ट. मी एका शहरातल्या मोठ्या दुकानात गेले, चांगली कुठली म्हणून विचारलं, आणि दुकानदाराने फळीवरची सगळ्यात महागडी बाटली काढून दिली. आमसुलांच्या दोन मोठ्या ऑर्डरींचे पैसे त्यात गेले. सुंदर खोका होता. घरी जेवणाआधी दादाने बूच काढलं आणि सगळ्या पडवीत धूर, आयोडीन, ओल्या दोरखंडाचा वास पसरला. वहिनी लांबूनच म्हणाली, "ह्याका तर इस्पितळाचो वास येता." दादाने ग्लास नाकाशी नेला, एक घोट घेतला आणि माझ्याकडे बघून हसला. पण मला त्याचा चेहरा लहानपणापासून ठाऊक. त्याला ती आवडली नव्हती. बाटली उत्तम होती. ती त्याची नव्हती, एवढंच. मला त्या रात्री फार वाईट वाटलं.

मी उठून आत जायला लागले तर त्याने थांबवलं. कपाटातून आणखी तीन बाटल्या काढल्या, चार बारके काचेचे ग्लास मांडले, प्रत्येकात जेमतेम चमचाभर ओतलं. म्हणाला, "आधी नाकान बघ, मगे तोंडान." त्या पडवीत, कौलांवर पाऊस पडत असताना, माझी शिकवणी सुरू झाली.

दादाची व्याख्या सोपी होती. व्हिस्की म्हणजे धान्य आंबवून, भट्टीतून काढून, लाकडी पिंपात मुरवलेली दारू. मुरवलेली हा शब्द त्याने आपल्या लोणच्यावरून उचलला असेल, पण तो अगदी नेमका बसतो. धान्य कोणतं, ते वाळवलं कसं, भट्टी कसली, लाकूड कोणतं आणि मुरली ती हवा कुठली, एवढ्या गोष्टी कळल्या की बाटली उघडण्याआधीच तिचा अर्धा वास कळतो.

धान्यापासून सुरुवात करू. माल्ट हा शब्द आपण सगळीकडे वाचतो, पण माल्ट करणं म्हणजे आपल्या घरी बाळासाठी नाचणीचं सत्त्व करताना जे करतो तेच. धान्य भिजवायचं, मोड आणायचे, मग वाळवायचं. मोड येताना धान्याच्या आत पिठुळपणाची साखर करणारी द्रव्यं तयार होतात, म्हणून सत्त्व गोडसर लागतं आणि म्हणूनच त्यातून दारू होते. स्कॉटलंडमध्ये हे सातूचं, म्हणजे बार्लीचं करतात. मोड आलेली बार्ली वाळवायला तिकडे ऊन कुठलं? ती भट्टीच्या उष्णतेवर वाळवावी लागते. आयला नावाच्या बेटावर झाडी फार कमी, जळणासाठी पीट, म्हणजे दलदलीत हजारो वर्षं कुजून दबलेल्या गवत-शेवाळाच्या वड्या. आपल्याकडे शेणी थापून वाळवतात तशा तिथे पीटच्या विटा कापून वाळवतात. त्यांच्या धुरावर बार्ली वाळली की धूर दाण्यात शिरतो आणि पुढे भट्टी, पिंप, बाटली असा सगळा प्रवास करून आपल्या ग्लासात उतरतो. लॅफ्रॉइग, लागावुलिन, आर्डबेग ही सगळी त्या एकाच बेटाची नावं. आर्डबेगची बार्ली साधारण ५५ पीपीएमची, म्हणजे दाण्यात शिरलेल्या धुराच्या द्रव्यांचं ते मोजमाप. मी दादासाठी आणलेली बाटली याच घराण्यातली होती.

मला मात्र तो वास त्या रात्री दुसऱ्या वेळी घेतल्यावर ओळखीचा वाटला. श्रावणात ऊन नसताना आजी चुलीवरच्या शिंक्यात खारवलेले बांगडे ठेवायची. मीठ, मासा आणि लाकडाचा धूर. मी डोळे मिटले आणि माझी आजी समोर आली. इस्पितळाचा वास म्हणणारी वहिनी चूक नव्हती आणि मीही नव्हते. आमच्या आठवणी वेगळ्या होत्या. ज्याच्या लहानपणात धूर, खारं, चूल आहे त्याला आयलाची व्हिस्की लवकर जवळची वाटते, असा माझा अनुभव आहे. आणि आयला म्हणजे धूर, असंही डोळे झाकून धरू नये. त्याच बेटावर ब्रुइकलॅडी आणि बुन्नाहाभन या भट्ट्या बिनधुराचीही व्हिस्की करतात.

भट्टीची गोष्ट आपल्याला परकी नाही. गोव्याच्या हद्दीपासून आम्ही तासाभरावर राहतो. एप्रिलमध्ये दोडामार्गच्या पलीकडे गेलं की काजूच्या बोंडूंचा आंबूस-गोड वास गाडीत येतो. बोंडू तुडवून काढलेला रस आंबला की एकदा उकळवून उर्राक निघते, सौम्य, १५ टक्के अल्कोहोलच्या आसपासची. पुन्हा उकळवली की फेणी. काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. स्कॉटलंडची माल्ट व्हिस्की तांब्याच्या भांड्यात हेच करते. पहिल्या उकळीला २०-२५ टक्क्यांचं काहीतरी निघतं, दुसऱ्याला ७० टक्क्यांच्या आसपासचं. तांबं तिथे शोभेसाठी नाही, ते वाफेतले गंधकाचे उग्र वास धरून ठेवतं.

आणि इथे आपल्या भाषेतली एक समजूत मला दुरुस्त करावीशी वाटते. आपण कडक मालाला कौतुकाने "पहिल्या धारेची" म्हणतो. व्हिस्कीच्या भट्टीवर पहिली धार बाटलीत जात नाही. तिच्यात हलकी, झोंबणारी, नको असलेली द्रव्यं असतात. भट्टीवाला ती बाजूला काढतो, शेवटची धारही बाजूला काढतो आणि मधलीच तेवढी पिंपात भरतो. बाजूला काढलेलं पुढच्या उकळीत पुन्हा घालतात. मधली धार कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे ठरवणं हे त्या माणसाचं कसब. गावठी भट्ट्यांवर हे कसब असतंच असं नाही, आणि तिथे कोण काय मिसळेल याचाही भरवसा नसतो.

हे लिहिताना हात थांबतो, कारण काका. काकीचा नवरा, माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. हातभट्टीने तो पंचेचाळिशीत गेला. मुलं लहान होती, आणि कारखान्यात आलेली पहिली बाई काकी होती. म्हणून दादाने ते चार ग्लास मांडले तेव्हा काकी पडवीच्या कोपऱ्यात कोकमं निवडत बसली होती आणि कुणी तिला बोलावलं नव्हतं. बोलवायची हिंमत नव्हती म्हणा. तीच उठून आली. एकेक ग्लास उचलून वास घेतला, जसा ती आगळाच्या पिंपांचा घेते, तोंड बंद, डोळे खाली. तिसऱ्या ग्लासाशी थांबली. "ह्याका आढीचो वास येता गो," म्हणाली. दादा बघतच राहिला. ती स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातली होती, बूर्बनच्या, म्हणजे मक्याच्या अमेरिकन व्हिस्कीच्या पिंपात मुरलेली, आणि तिच्या वर्णनात लिहिणारे गवत, पिकलं फळ, मध असंच लिहितात. चौथ्या ग्लासाला काकी म्हणाली, "खोबऱ्याचो." हीही बरोबर. मग ग्लास खाली ठेवून हळूच म्हणाली, "आमच्या ह्यांनी कधी वास घेतलोच नाय." आणि परत कोकमं निवडायला गेली. ती आजही थेंबभर पीत नाही. पण घरात नवी बाटली उघडली की पहिला वास तिचा.

काकीचं खोबरं कुठून आलं ते सांगते, कारण मला सगळ्या विषयात हाच भाग सर्वांत आवडतो. ते बार्लीतून आलेलं नाही, लाकडातून आलंय. अमेरिकन ओकच्या लाकडात लॅक्टोन नावाची द्रव्यं असतात आणि त्यातल्या एकाचा वास खोबऱ्यासारखाच असतो. त्याला व्हिस्की लॅक्टोन असंच म्हणतात. तेच लाकूड व्हॅनिलाचाही वास देतं. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे बूर्बन करायची तर धान्यात निदान ५१ टक्के मका हवा आणि ती आतून जाळून कोळसवलेल्या नव्या कोऱ्या ओकच्या भांड्यातच मुरली पाहिजे. नव्याच. त्यामुळे एकदा वापरलेलं पिंप बूर्बनवाल्याला पुन्हा चालत नाही. ती साधारण २०० लिटरची पिंपं मग स्कॉटलंडला जातात, आयर्लंडला जातात, आपल्या गोव्यातही येतात. दुसऱ्या हाताचं लाकूड जरा शांत असतं, धान्याला बोलू देतं. शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपात मुरलेली व्हिस्की याहून निराळी. मनुका, खजूर, सुंठ, संत्र्याची साल. ज्याला आंबापोळीपेक्षा फणसपोळी आवडते त्याला शेरीची आवडेल, असं मी सांगते, आणि अजून कुणी मला खोटं पाडलेलं नाही.

आता आकड्याबद्दल. बाटलीवर १२, १५, १८ असं लिहिलेलं असतं आणि लोक आकडा वाढेल तसा मान वाढवतात. स्कॉचच्या नियमांप्रमाणे तो आकडा त्या बाटलीतल्या सर्वांत धाकट्या व्हिस्कीचं वय असतो. स्कॉटलंडमध्ये, ७०० लिटरपेक्षा मोठं नसलेल्या ओकच्या पिंपात, किमान ३ वर्षं मुरल्याशिवाय तिला स्कॉच म्हणता येत नाही. हे सगळं खरं आणि चांगलं. पण तो आकडा वर्षं मोजतो, ऊन मोजत नाही.

आमसुलं करणाऱ्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही. एप्रिलच्या उन्हात चार दिवसांत जे साल वाळून काळं होतं ते ढगाळ जूनमध्ये आठ दिवसांतही होत नाही, बुरशी धरते ती वेगळीच. पिंपातही तेच. गरम हवेत दारू फुगून लाकडात शिरते, गार झाली की बाहेर येते, येताना रंग-वास घेऊन येते. आपल्याकडे हे इतक्या वेगाने होतं की तीन-चार वर्षांची गोव्यातली व्हिस्की नाकाला बरीच मोठी वाटते. त्याची किंमतही मोजावी लागते. पिंपातून दरवर्षी काही भाग हवेत उडून जातो. स्कॉटलंडमध्ये तो साधारण २ टक्के, तिकडचे लोक त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. आपल्या हवेत हा वाटा त्याच्या कितीतरी पट. बंगळुरूच्या अमृतने ८ वर्षं मुरवलेली एक व्हिस्की काढली तेव्हा तिचं नावच ग्रीडी एंजल्स ठेवलं, हावरे देवदूत. इथे १८ वर्षं पिंप ठेवलं तर आत लाकडाचा कडवटपणा तेवढा उरेल.

दादाने मला देवदूतांचा वाटा समजावला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आला तो आमचा राखणदार. बागेच्या सीमेवरच्या त्या दगडाला दरवर्षी राखण देताना कोंबड्याबरोबर बाटलीतली थोडी ओततात. ज्याची हद्द आहे त्याला त्याचं द्यायचं. आमच्या गड्याला पिंपातून उडणाऱ्या दारूचं सांगितलं तर तो म्हणाला, "मगे ता काय चुकीचा नाय."

मी गोव्यातल्या कुंकळ्ळीला गेले होते, पॉल जॉन ही व्हिस्की जिथे तयार होते तिथे. कुंकळ्ळी म्हणजे १५८३ साली पोर्तुगीजांविरुद्ध उठलेलं गाव, हे आधी सांगितलं पाहिजे. भट्टी पाहायला लोक येतात, त्यांना फिरवून दाखवतात. कोठारात पाऊल टाकल्याबरोबर मी उभी राहिले. दमट ऊब, लाकूड, आणि गोड, फळासारखी, जड हवा. आढीच. जांभ्याच्या मातीचा, दमट हवेचा आमचाच किनारा, आणि त्यात मुरत पडलेली बार्ली. ती बार्ली उत्तर भारतातली, सहा ओळींच्या कणसाची. यांची सिंगल माल्ट २०१२ साली बाजारात आली. तिचे तीन प्रकार: ब्रिलियन्समध्ये धूर नाही, एडिटेडमध्ये थोडा, बोल्डमध्ये भरपूर, आणि त्या धुरासाठी पीट स्कॉटलंडहून येतं. कोकणातल्या माणसाने पहिली सिंगल माल्ट घ्यायची तर ब्रिलियन्स किंवा अमृतपासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. आपल्या हवेत मुरलेली चव आधी ओळखावी, मग तिकडची. एक सांगून ठेवते. गोव्यात स्वस्त मिळते म्हणून ती गाडीत घालून आणू नये. परवान्याशिवाय गोव्यातली बाटली महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे, आणि इन्सुलीच्या नाक्यावर गाडी उघडून बघतात. महाराष्ट्रात व्हिस्की पिण्याचं कायदेशीर वय २५ आहे आणि परवानाही लागतो. हे दोन्ही मी घरातल्या मुलांना सांगते, इथेही सांगते.

सिंगल माल्टमधल्या सिंगलचा अर्थ बहुतेकांना चुकीचा माहीत असतो. एकाच पिंपातली असा तो नाही. एकाच भट्टीची, फक्त माल्ट बार्लीची, असा आहे. एका सिंगल माल्टच्या बाटलीत शेकडो पिंपं एकत्र आलेली असू शकतात. ब्लेंडेड म्हणजे अनेक भट्ट्यांच्या माल्ट आणि त्यांच्याबरोबर ग्रेन व्हिस्की. ही ग्रेन व्हिस्की उंच खांबासारख्या भट्टीत सलग निघते. एनीअस कॉफी या आयरिश माणसाने १८३० साली तिचं पेटंट घेतलं. हलकी आणि स्वस्त. तिच्यामुळे ब्लेंड करणं परवडायला लागलं आणि त्याच शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांवर कीड पडून ब्रँडी दुर्मीळ झाली, तेव्हा स्कॉच जगभर गेली. आपल्याकडे ब्लेंड म्हणजे खालच्या पायरीची असं मानतात, ते मला मान्य नाही. मालवणी मसाल्यात पंधरा-वीस जिनसा असतात, आणि चांगला मसाला तोच ज्यात एकही जिन्नस वेगळा ओरडत नाही. काकी तीन वाड्यांची कोकमं मिसळून दरवर्षी एकाच चवीचं आगळ काढते, ते तिच्याशिवाय कुणाला जमत नाही. ब्लेंड करणारा तेच करतो. चार माणसांत, सोडा घालून, गप्पा मारत घ्यायची तर चांगलं ब्लेंड घ्यावं. त्यात सिंगल माल्ट ओतणं म्हणजे पायरीचा मिल्कशेक होईल तिथे देवगड हापूस घालणं.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. आयरिश बहुधा तीनदा उकळवतात, त्यामुळे ती मऊ असते. ज्यांना व्हिस्की घशाला लागते त्यांना मी जेमसनपासून सुरुवात करायला सांगते. राय हे दुसरं धान्य, तिखटसर, मिऱ्यासारखं. आपल्याकडे फार मिळत नाही. जॅक डॅनियल्स ही टेनेसीची, पिंपात जाण्याआधी मेपलच्या कोळशातून गाळलेली, आणि ती स्कॉच नव्हे, हे मला वर्षातून दोनदा तरी कुणाला तरी सांगावं लागतं. जपानची गोष्ट मात्र सुंदर आहे. मासाताका ताकेत्सुरू नावाचा तरुण १९१८ साली स्कॉटलंडला गेला, भट्ट्यांवर राबून शिकला, वहीत सगळं उतरवून घरी घेऊन आला. १९२३ साली शिंजिरो तोरी यांनी यामाझाकीची भट्टी उभारायला घेतली ती त्याला हाताशी धरून, आणि १९३४ साली ताकेत्सुरूने स्वतःची काढली, थंड योइचीला. जपानी बाटली घेताना लेबल नीट वाचा. बाहेरची व्हिस्की मिसळून जपानी म्हणून विकण्याची तिथे बरीच वर्षं मोकळीक होती. २०२१ साली तिथल्या उत्पादकांनीच नियम केले, आता जपानी म्हणवायचं तर आंबवणं, उकळवणं, तीन वर्षं मुरवणं हे सगळं जपानमध्येच हवं.

आणि आपल्या रोजच्या देशी व्हिस्क्या. त्यांच्यातल्या बऱ्याच जणींचा पाया उसाच्या मळीपासून किंवा धान्यापासून काढलेला निर्गंध अल्कोहोल असतो, त्यात थोडी माल्ट मिसळतात. मळीवाल्यांना युरोपात व्हिस्की म्हणता येत नाही, कारण तिथे ती धान्याचीच लागते. मी हे नाक मुरडून लिहीत नाहीये. आमच्या गावात दिवसभर होडीवर राबून आलेला माणूस तीच घेतो. पण घेताना लेबलच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाचावं, एवढं मला मनापासून वाटतं. आपल्या लेबलांवर ४२.८ टक्के का असतं, ४० किंवा ४३ का नाही, याचं कुतूहल असेल तर तो इंग्रजांच्या काळातल्या प्रूफ मोजणीचा, म्हणजे दारूचा कडकपणा मोजायच्या जुन्या पद्धतीचा अवशेष आहे. त्यांचं १०० प्रूफ म्हणजे सुमारे ५७ टक्के, त्याच्या पाऊण ४२.८.

दुकानात उभी राहिले की मी आता किंमत सर्वांत शेवटी बघते. आधी धान्य आणि देश, मग पिंप कसलं ते, मग टक्के. ४६ टक्के आणि गार करून गाळलेली नाही असं लिहिलं असेल तर मला बरं वाटतं. व्हिस्कीत काही तेलकट द्रव्यं असतात, ती गारव्यात थिजून व्हिस्की गढूळ दिसते, थंडीत आपलं खोबरेल थिजतं तसं. ग्राहकाला गढूळपणा आवडत नाही म्हणून कंपन्या ती आधीच गार करून गाळून टाकतात. त्यात थोडी चवही जाते. रंगाकडे बघूच नये. स्कॉचमध्ये कॅरमलचा रंग घालायला परवानगी आहे, बूर्बनमध्ये नाही.

पिण्याबद्दल एकच आग्रह. पुस्तकं सांगतात, खोलीच्या तापमानाला प्या. ती खोली स्कॉटलंडची, १८ अंशांची. वेंगुर्ल्यात मेमध्ये खोली ३२ अंशांची असते आणि ग्लासातून नुसता अल्कोहोल नाकात घुसतो. मी बाटली तासभर माठाच्या शेजारी ओल्या फडक्यात ठेवते. बर्फ टाकला तर वास मुका होतो. पाणी मात्र जरूर घालावं, चमचाभर, आणि घालून परत वास घ्यावा. २०१७ साली स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी, कार्लसन आणि फ्रीडमन यांनी, गणित मांडून दाखवलं की पाणी घातल्यावर ग्वायाकॉल हे धुराच्या वासाचं द्रव्य पृष्ठभागाकडे येतं. आमच्या विहिरीच्या पाण्याने ते किती वेळा होताना मी नाकाने पाहिलंय. एका संध्याकाळी मी तीस मिली घेते, तासभर पुरते. दुसरा घ्यावासा वाटला तर मी जेवायला बसते. आणि गाडी चालवायची असेल त्या दिवशी ग्लास काढतच नाही.

एक चूक माझ्याकडून झाली ती इतरांची होऊ नये. दादाने दिलेली एक छान बाटली मी वाइनसारखी आडवी ठेवली, माळ्यावर, कौलांखाली. दोन उन्हाळे. काढली तेव्हा बूच भुगा होऊन आत पडलेलं आणि चार बोटं व्हिस्की कमी. वाइनचं बूच ओलं राहावं म्हणून ती आडवी ठेवतात. व्हिस्कीच्या अल्कोहोलने बूच कुजतं, म्हणून ती उभीच, अंधारात, गार जागी ठेवायची. आणि अर्ध्यापेक्षा खाली गेलेली बाटली वर्षानुवर्षं राखून ठेवू नये, आतल्या हवेने ती फिकी होते. आपल्याकडे चांगली वस्तू समारंभासाठी जपून ठेवायची सवय आहे. बाटली जपू नका, उघडा, माणसं बोलवा.

भाच्याला मी शेवटी नाव सांगितलंच. पण आधी त्याच्याकडून काढून घेतलं की साहेब नागावचे, सुक्या जवळ्याची चटणी डब्यात आणतात आणि गोडाला हात लावत नाहीत. मग म्हटलं, बिनधास्त धुराची घे.

त्या पन्नाशीच्या रात्रीचे ग्लास कुणी धुतले नव्हते. सकाळी मी ओट्यावर चहा ठेवत होते तर काकी ते गोळा करून आणत होती. रिकामे, कोरडे, तळाशी एक फिकट पिवळं वर्तुळ. अल्कोहोल रात्रीतून उडून गेलेला, मागे राहिलेलं फक्त लाकूड. तिने एक ग्लास उचलून पुन्हा नाकाशी धरला, नंतर माझ्यापुढे केला. मी वास घेतला. जुन्या सागवानी पेटीचा, आत मखमली खण, कापराच्या वड्या आणि कुणाची तरी ठेवणीतली साडी.

"हो धुव नको," काकी म्हणाली आणि ग्लास खिडकीत पालथा घातला.